वृद्धाश्रमात गेल्या गेल्या 'शांत राहायची गोळी' : आपल्याकडचे अनुभव सांगा

तापीकाठची
मंडळी, माझे मामा एस.टी.त कंडक्टर होते, चोपडा डेपोला. मामी गेल्यावर एकटेच राहायचे. हिवाळ्यात अंगणात पडले. हाड मोडलं नाही, पण हिंमत गेली. मामेभाऊ सुरतला, दोन खोल्यांत पाच माणसं. मी पुण्यात. शेवटी जळगावच्या अलीकडे एका खाजगी वृद्धाश्रमात ठेवलं. नाव लिहीत नाही, कृपया खाजगी निरोपातही विचारू नका. जागा स्वच्छ आहे, जेवण बरं आहे, माणसं उद्धट नाहीत.

तिथे गेले तेव्हा थोडा विसराळूपणा होता. नातवंडांची नावं चुकायची, पण बोलायला लागले की थांबायचे नाहीत. परवा भेटले तर 'आली का' एवढंच. चेहरा कोरा. पाय उचलत नाहीत, फरशीवर घासत चालतात. बशी ओठांपर्यंत नेईतो अर्धा चहा सदऱ्यावर, आणि सदरा आधीच लाळेने ओला. चार महिन्यांत एवढं? सगळे म्हणतात वय झालं. अजून ऐंशीसुद्धा नाहीत हो.

फाईल मागून घेतली. बीपीची आणि प्रोस्टेटची गोळी जुनीच. नवीन म्हणजे रात्री क्लोनाझेपाम ही झोपेची गोळी, आणि दोन वेळा रिस्पेरिडोन-ट्रायहेक्सिफेनिडिल एकत्र असलेली. कशासाठी, ते कुठेच लिहिलेलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा पहाटे चारला दारापाशी जाऊन उभे राहायचे. पहिली गाडी काढायचीय म्हणायचे. बाकीच्यांची झोपमोड व्हायची." पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांनी लिहून दिलं, ते आजतागायत चालू. हे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात.

हे सगळीकडे असंच चालतं का? आणि या गोळ्यांबद्दल बोलायचा आम्हाला काही हक्क आहे का?

भुसावळ_लोको
ताई, राग मानू नका, पण दुसरी बाजू पण बघा. माझ्या वडिलांना घरी सांभाळलंय मी. रात्री दोनला उठून गॅस चालू करायचे. बायको आणि मी आळीपाळीने जागायचो, सकाळी मला ड्युटी. आश्रमात रात्रपाळीला एक मावशी आणि वीस म्हातारे. कोणी दार उघडून हायवेवर गेला तर? मग तुम्हीच विचाराल लक्ष कुठे होतं. गोळी देतात ती काही मजा म्हणून नाही देत.

खापरावरचे_मांडे
काय भो, जो माणूस आयुष्यभर चारला उठून गाडीवर गेला तो रिटायर झाला म्हणून सातला उठेल होय? आमच्या आजोबांना पण हीच खोड होती. त्यांना आजी उठल्या उठल्या चहा द्यायची, मग ते ओट्यावर बसून राहायचे. संपला विषय.

औषधांची_चिठ्ठी
मी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेला फार्मासिस्ट, मुक्काम धुळे. ताईंनी गोळ्यांची नावं नीट दिली म्हणून लिहितो.

रिस्पेरिडोन हे मुळात स्किझोफ्रेनियासारख्या मनोविकाराचं औषध. म्हाताऱ्या माणसाला त्याने अंग आखडतं, चेहरा मख्ख होतो, लाळ गळते, पाय घासत चालतो. ताईंनी दुसऱ्या परिच्छेदात जे वर्णन केलंय ना, ते आमच्या पुस्तकात तसंच्या तसं आहे. हा परिणाम होणार हे ठाऊक असतं, म्हणून त्याच गोळीत ट्रायहेक्सिफेनिडिल घालून ठेवतात. म्हणजे एका गोळीचा त्रास झाकायला दुसरी, आणि ती पण न विचारता. हे ट्रायहेक्सिफेनिडिल म्हाताऱ्यांना सगळ्यात वाईट. तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, डोक्यात गोंधळ. आणि प्रोस्टेटच्या माणसाची लघवी अडकते. लघवी अडकली की माणूस बेचैन होतो, उठतो, फिरतो, ओरडतो. मग बाहेरून काय दिसतं? आजोबांचा त्रास वाढला. मग डोस वाढतो.

आणखी एक, जे आपल्याकडे फार महत्त्वाचं आणि कोणी सांगत नाही. या दोन्ही औषधांनी शरीराची उष्णता बाहेर टाकायची ताकद कमी होते, ट्रायहेक्सिफेनिडिलने तर घामच कमी येतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. वर पत्रे, पंखा गरम हवा फेकतोय, आणि माणसाला घाम येत नाही. शिवाय गुंगीत असल्यामुळे तो पाणी मागत नाही. उष्माघाताला वेगळं आमंत्रण द्यायची गरज नाही.

झोपेच्या गोळ्यांचं सांगायचं तर त्यातल्या काही शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. उदाहरणार्थ अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम. २०१४ पासून दुकानदाराने अशा औषधांची वेगळी वही ठेवायची, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं, वही ३ वर्षं जपायची असा नियम आहे. प्रत्यक्षात किती मेडिकलवाले लिहितात हे तुम्ही आपापल्या गावात बघा. मी बोललो तर माझेच जुने मित्र बोलायचे बंद होतील.

आखाजी
वाचतेय. आमच्या सासूबाईंना पण रात्रीची गोळी चालू आहे आश्रमात. मग आजपासूनच बंद करायला सांगू का?

औषधांची_चिठ्ठी
नाही! अजिबात नाही. ताई, कृपया हे वाचून कोणीही परस्पर गोळी बंद करू नका. झोपेच्या गोळ्या बरेच दिवस घेतलेल्या माणसाच्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. हळूहळू, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या टप्प्यांनी.

गिरणाकाठचा_वैद्य
एवढ्या जड गोळ्या देण्यापेक्षा ब्राह्मी, अश्वगंधा देऊन बघा. दुष्परिणाम शून्य.

औषधांची_चिठ्ठी
दुष्परिणाम शून्य असं कुठलंच औषध मी नोकरीत पाहिलं नाही. पुढे.

एमडी_फक्त_नावाला
मी मेडिसिनवाला, सध्या नाशिकला, मूळ शिरपूरचा. नेटवर बसून उपचार सांगता येत नाहीत, तरी थोडं लिहितो.

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आणि अचानक आलेला गोंधळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डिमेन्शिया वर्षावर्षाने वाढतो. सोमवारी बरा असलेला माणूस गुरुवारी काहीच्या बाही बोलायला लागला, तर त्याला आम्ही डिलिरियम म्हणतो, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा डोक्याच्या बाहेर असतं. लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, आठवडाभर न झालेली शौच, न सांगता येणारं दुखणं, न्यूमोनिया, कमी झालेलं सोडियम. बीपीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, त्याने सोडियम उतरतं. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही उतरतं. एक साधी रक्ततपासणी आहे, तालुक्याच्या लॅबमध्ये होते. ती न करता शांत करायची गोळी दिली तर माणूस शांत होतो खरा, पण आत जे चाललंय ते चालूच राहतं.

जागा बदलल्यावर हा गोंधळ हमखास वाढतो. घरी अंधारात संडासला जायची वाट पायांना पाठ असते. इथे भिंत वेगळ्या बाजूला. चष्मा कपाटात, कानाचं मशीन सुनेने 'हरवेल' म्हणून घरीच ठेवलेलं. मला वॉर्डमध्ये चष्मा लावून 'बरे' झालेले आजोबा भेटले आहेत, अतिशयोक्ती नाही.

आता धोक्याबद्दल. अमेरिकेच्या औषध खात्याने, एफडीएने, २००५ साली रिस्पेरिडोनच्या वर्गातल्या नव्या औषधांवर सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला. २००८ मध्ये हॅलोपेरिडॉलसारखी जुनी औषधंही त्यात घेतली. डिमेन्शियाच्या वृद्धांवरच्या १७ चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण खोटी गोळी घेणाऱ्यांच्या १.६ ते १.७ पट निघालं. साधारण १० आठवड्यांच्या चाचणीत ४.५ टक्के विरुद्ध २.६ टक्के. प्रत्येकाला होतं असं नाही, पण 'देऊन तर बघू' म्हणण्याइतकं हे साधं औषध नाही.

भुसावळ_लोको यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. कोणी दुसऱ्यावर हात उचलतोय, स्वतःला इजा करतोय, भीतीने किंचाळतोय, तेव्हा मी स्वतः ही औषधं देतो. कमीत कमी डोस, थोड्या आठवड्यांसाठी, आणि पुन्हा कधी बघायचं ती तारीख चिठ्ठीवर. ब्रिटनमध्ये डिमेन्शियातल्या आक्रमकपणासाठी रिस्पेरिडोनला मान्यता आहे ती जास्तीत जास्त ६ आठवड्यांची. पहाटे चारला उठून दारापाशी उभं राहणं यात कुठेच बसत नाही.

तापीकाठची
डॉक्टर, फार आभार. सोडियमची तपासणी तिथे झालेलीच नाही. उद्या मामेभावाला फोन करते. त्याचं म्हणणं, 'तू लांबून शहाणपणा शिकवू नको.' बघू.

अ‍ॅडलेडची_अहिराणी
मी मूळची धुळ्याची, इथे ऑस्ट्रेलियात वृद्धांच्या निवासात नर्स आहे. 'परदेशात सगळं छान' असं लिहायला आले नाही, उलटंच आहे.

इथे ३ लाखांवर रहिवाशांच्या औषधांच्या नोंदी तपासून एक अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. निवासात आल्यापासून पहिल्या तीन महिन्यांत दर पाचातल्या एकाला मनोविकारावरची अशी गोळी आणि दर तिघांतल्या जवळपास एकाला झोपेच्या वर्गातली गोळी दिली गेली होती. त्यातल्या बऱ्याच जणांना आधीच्या वर्षभरात अशी एकही गोळी नव्हती. म्हणजे मामांचं जे झालं तेच, फक्त इंग्रजीत. माणूस दारातून आत आला की पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे.

यावर रॉयल कमिशन (सरकारी चौकशी आयोग) बसलं. २०१९ च्या अंतरिम अहवालाचं नावच 'दुर्लक्ष' असं होतं, अंतिम अहवाल २०२१ ला आला. औषधाने माणसाला बांधून ठेवणं या विषयावर त्यात बरंच आहे. आता आम्हाला अशी गोळी द्यायची तर आधी दुसरं काय करून पाहिलं ते लिहावं लागतं, रहिवाशाची किंवा त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्याची संमती लागते, आणि किती रहिवाशांना या गोळ्या चालू आहेत ते दर तीन महिन्यांनी सरकारला कळवावं लागतं. कागद वाढले म्हणून आम्ही नर्सेस कुरकुरतो. पण पूर्वी रात्री नऊला सरसकट गोळ्यांची ट्रॉली फिरायची, ती आता तशी फिरत नाही.

गोळी कमी केली तर माणूस पुन्हा बिघडेल ही भीती सगळ्यांना असते. इथे हॉल्ट नावाचा प्रयोग झाला, स्टाफला शिकवून टप्प्याटप्प्याने गोळ्या सोडवल्या. बहुतेकांची गोळी वर्षभरानंतरही बंद होती, आणि वागण्यात म्हणावा तसा फरक पडला नाही.

आमच्याकडे एक इटालियन आजी संध्याकाळ झाली की पर्स घेऊन दाराशी जायची. घरी जायचंय, मुलं शाळेतून येतील. मला आमची आजी आठवायची, शेवटी शेवटी दवाखान्यात तिचं एकच, 'माले घर जानं शे.' त्या इटालियन आजीला आम्ही संध्याकाळी टॉवेलच्या घड्या घालायला द्यायला लागलो. रोज तेच टॉवेल. ती खूश, आम्ही खूश.

भुसावळ_लोको
टॉवेलच्या घड्या घालायला देणारी नर्स तिथे किती जणांमागे एक असते ते पण लिहा. इथे आठ-नऊ हजारांत महिना काढणारी मावशी तेच भांडी घासते, तेच गादी बदलते.

अ‍ॅडलेडची_अहिराणी
बरोबर बोललात भाऊ. इथेही कमीच असतात, पण तुमच्याइतकी वाईट स्थिती नाही.

एक_संचालक
बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. धुळे जिल्ह्यात लहानसा वृद्धाश्रम चालवतो, बावीस जण आहेत. आमच्यावर बोट दाखवणं सोपं आहे, आणि काही ठिकाणी ते खरंही आहे. पण आमच्या दारात काय येतं ते ऐका.

मुलगा वडिलांना किंवा आईला सोडायला येतो. हातात पिशवी. पिशवीत सुटी पाकिटं, अर्धी कापलेली, औषधाचं नाव असलेला कोपरा नेमका फाडलेला. चिठ्ठी नाही. मी विचारतो, झोपेची गोळी घेतात का? 'छे, कधीच नाही.' कारण त्यांना वाटतं खरं सांगितलं तर आम्ही घेणार नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजी घामाघूम, हात थरथरतात, डोळ्याला डोळा नाही, भिंतीवर माणसं दिसतात. रात्री अकरा वाजता मी डॉक्टरांना फोन करतो. अकरा वाजता धुळ्याहून कोण येणार? ते फोनवरच गोळी सांगतात. सकाळी आजी शांत. मग ती गोळी कोण बंद करणार? आजी शांत आहे ना, मग राहू दे.

एका आजींचं दीड-दोन महिन्यांनी कळलं. सून भेटायला आली, बोलता बोलता म्हणाली, गावचे डॉक्टर त्यांना वर्षानुवर्षं रात्री एक लहान गोळी द्यायचे, आम्ही तिला बीपीचीच समजायचो. जुनं पाकीट मागवलं तर अल्प्राझोलाम. म्हणजे आजीला वेडबिड काही लागलं नव्हतं. रोजची गोळी सुटली होती, इतकंच.

एमडी_फक्त_नावाला
साहेब, या धाग्यातला सगळ्यात मोलाचा प्रतिसाद तुमचा आहे. ही सरळ सरळ गोळी सुटल्याची लक्षणं. अशा वेळी मनोविकाराची गोळी वर चढवली तर एकाचे दोन प्रश्न होतात. आश्रमात दाखल करताना घरातली सगळी औषधं, ती 'ताकदीची', 'गॅसची', 'कंबरेची' सगळी, आहेत त्या पाकिटांसकट आणायला लावा. फाटकं पाकीट असेल तर ज्या मेडिकलमधून आणलं तिथे फोन करा.

औषधांची_चिठ्ठी
कंबरदुखीच्या गोळीत अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि खाज-सर्दीच्या गोळीत झोप आणणारी जुनी औषधं असतात, ती पण मोजा. १९९१ मध्ये अमेरिकेत बीअर्स नावाच्या डॉक्टरांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली होती, ती मुळात नर्सिंग होममधल्या लोकांसाठीच होती. आज ती सगळ्या वृद्धांसाठी वापरतात, २०२३ मध्येही तिच्यात सुधारणा झाली. मामांची क्लोनाझेपाम आणि ट्रायहेक्सिफेनिडिल दोन्ही तिच्यात आहेत.

आखाजी
हक्काचा प्रश्न राहिला ना? तापीकाठच्या ताईंनी विचारला होता. कायदा काय म्हणतो?

एक_संचालक
मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्यात मुलांकडून पोटगी, त्यासाठी न्यायाधिकरण, आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम असावा हे आहे. गोळ्यांवर देखरेख कोणी करायची हे त्यात शोधून सापडणार नाही. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा असं धरतो की समजून घेऊ शकणारा माणूस आपल्या उपचाराचा निर्णय स्वतः घेतो. म्हणजे आधी मामांना विचारायचं. मामेभावाला किंवा ताईंना नंतर.

आमच्याकडे तपासणीला येतात ते आगीची सिलिंडरं, संडास, रजिस्टर बघतात. औषधांचा डबा उघडून कोणी पाहिलेला मला आठवत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा केंद्र सरकारचा फोन आहे, तक्रार तिथे नोंदवता येते. आमच्याविरुद्ध पण नोंदवा, हरकत नाही.

खापरावरचे_मांडे
मामांना आधी विचारायचं हे भारी. घरात टीव्ही कुठला लावायचा ते पण कोणी विचारत नाही म्हाताऱ्यांना.

तापीकाठची
अपडेट. मामेभाऊ आला शेवटी सुरतहून. मामांना जळगावला फिजिशियनकडे नेलं. सोडियम १२४, म्हणजे बरंच कमी. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावरही मूत्राशय भरलेलंच, नळी घालावी लागली. नळीतून जे निघालं ते बघून भाऊ खुर्चीवर बसला. 'बाबा ओरडायचे ते यासाठी' एवढंच म्हणाला.

बीपीची गोळी बदलली. एकत्रवाली गोळी आधी एका वेळेवर आणली, पुढच्या तपासणीला आणखी खाली आणायचं म्हणतात. क्लोनाझेपामला सगळ्यात शेवटी हात लावणार, अगदी हळू. डॉक्टरांनी प्रत्येक औषधापुढे कारण आणि पुढची तारीख लिहून दिली. कागद आश्रमात फाईलला पहिलाच लावला.

फरक? लाळ थांबलीय. चालताना पाय उचलतात. आठवण परत आली असं काही नाही, मला मधूनच मामीच्या नावाने हाक मारतात. डॉक्टर म्हणाले डिमेन्शियाची सुरुवात आहे, ती राहणार. पण परवा भावाला म्हणाले, 'सुट्टे दे आधी, मग चढ.' आम्ही दोघं हसत सुटलो.

आश्रमाशी भांडण केलं नाही. पहाटे चारला उठले तर गेटच्या आत बाकड्यावर बसू द्या, थर्मासमध्ये चहा ठेवा, असं ठरलं. वॉचमन तयार आहे, त्यालाही चहा मिळतो.

भुसावळ_लोको
ताई, बरं वाटलं वाचून. वडिलांची फाईल अजून कपाटात आहे, काढून बघावीशी वाटतेय.

आखाजी
सासूबाईंची 'रात्री झोपत नाहीत' ही तक्रार होती. काल विचारलं, जेवण किती वाजता? सहा. दिवे बंद? आठला. आणि पहाटे तीनला जाग येते म्हणून गोळी. आठ ते तीन सात तास झाले की! शिवाय दुपारी जेवून दोन तास आडव्या असतात, दुसरं करायला काही नाही म्हणून.

एक_संचालक
हे आमच्याकडेही तसंच होतं. रात्रीचं जेवण सहावरून आठला नेऊन बघितलं, आणि दुपारी आडवं व्हायच्या वेळेला लसूण सोलायला, शेंगा फोडायला बसवलं. चार जणांच्या गोळ्या डॉक्टरांनी कमी करायला घेतल्यात. अडचण वेगळीच निघाली. स्वयंपाकाच्या मावशींना गावाकडे जाणारी शेवटची रिक्षा साडेसातची असते. आता मुलाला मोटारसायकलवर सोडायला पाठवतो, पेट्रोल आश्रमाचं. कोणाकडे वेगळा उपाय असेल तर सांगा.